लॉग पुसण्याआधी





आपण सीमाभागातले संगणक दुरुस्त करणारे भालकीच्या दुकानात बसून औरादच्या शाळेची, आळंदच्या आडतीवरची, बसवकल्याणला पहाणीचा उतारा काढून देणाऱ्या केंद्राची सिस्टिम रिमोटवर घेतो. स्क्रीन समोर येते, पण पंख्याची घरघर ऐकू येत नाही, जळका वास येत नाही, डबा किती तापलाय ते हाताला कळत नाही. उरतो इव्हेंट व्ह्यूअरमधला सिस्टिम लॉग. तो वाचणं हे आपल्या कामातलं मुख्य कसब आहे, आणि नेमकी तिथेच आपण घाई करतो.

डिस्कची १५३ नंबरची वॉर्निंग घ्या. डिस्कचं एखादं काम वेळेत झालं नाही म्हणून विंडोजने ते पुन्हा करून पाहिलं, एवढंच ती सांगते. केबल सैल असेल, पॉवर सप्लाय दमला असेल, किंवा खरंच डिस्क जात असेल. एकट्या १५३ वरून गिऱ्हाइकाला नवी डिस्क घ्यायला लावणं अन्याय आहे. पण ती रोज येतेय, आगेमागे १२९ नंबरची रिसेटची नोंद आहे, आणि त्यात ७ नंबरची खराब ब्लॉकची एरर दिसली, तर मग थांबू नका. आधी बॅकअप. चेकडिस्क नंतर, मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तो चालवला तर उरलासुरला डेटाही जाऊ शकतो. ऐन तुरीच्या हंगामात आडतीचा हिशेब गेला, की शेतकऱ्याच्या पट्ट्या अडकतात. हे नुकसान आपल्या बिलापेक्षा फार मोठं असतं.

प्रोसेसरचा वेग फर्मवेअरने रोखलाय, असं ३७ नंबरची वॉर्निंग सांगते. तिथे वेळ पाहा. कलबुर्गीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. नोंद भर दुपारीच येत असेल तर धूळ आणि पंखा तपासायला सांगा. सकाळी सुरू करताच येत असेल, तर बायोसच्या सेटिंगवर किंवा लॅपटॉपच्या चार्जरवर संशय घ्या.

वेळेच्याच बाबतीत ४१ नंबरची नोंद फसवते. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, की ती उमटते. म्हणजे तिच्यावरची वेळ मशीन पुन्हा सुरू झाल्यानंतरची. मशीन कधी बंद पडलं ते ६००८ मध्ये सापडतं. ती वेळ घ्या आणि तिथल्या माणसाला विचारा, तेव्हा लाइट गेली होती का? मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, दखनीत विचारा, पण विचारा. लाइट गेली नसेल तर पॉवर सप्लाय आणि यूपीएस तपासायला घ्या.

काही नोंदी तर आपणच उठवतो. आपला प्रिंटर सोबत जोडून रिमोट घेतला आणि पलीकडे त्याचा ड्रायव्हर नसला, की ११११ नंबरची एरर येते. त्यात गिऱ्हाइकाच्या मशीनचा काही दोष नसतो.

शेवटी एक कळकळीची विनंती. काम झाल्यावर लॉग साफ करून देण्याची सवय आपल्यात पसरली आहे, ती सोडा. सिस्टिम लॉग मुळातच साधारण २० एमबीचा असतो आणि भरला की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. त्याची मर्यादा वाढवून द्या, हात लावण्याआधी त्याची फाइल जपून ठेवा, आणि गिऱ्हाइकाच्या नावाने तारीखवार वही आजपासूनच सुरू करा.