खाणीच्या गावातील मुले व इंग्रजी शब्द



बालाघाटजवळ भरवेली येथे मँगनीजची खाण आहे. तेथील मुलाला हे नाव घरीच ठाऊक होते. परंतु रसायनशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत ते इंग्रजीत लिहिताना हातून मॅग्नेशियम लिहिले गेले, तर चूक केवळ स्पेलिंगची राहत नाही, मूलद्रव्यच बदलते. दोन्ही नावे ग्रीसमधील मॅग्नेशिया या एकाच प्रदेशावरून आलेली, तेव्हा घोटाळा स्वाभाविकच म्हणावा.

देवनागरी बहुतांशी उच्चाराप्रमाणे लिहितात. त्या सवयीने मूल इंग्रजी शब्दही कानाने लिहू पाहते. शब्द पन्नास वेळा लिहून आणण्याची शिक्षा येथे फारशी उपयोगी पडत नाही. त्याऐवजी खनिजाचा काळा, जड तुकडा वर्गात दाखवावा, शब्द फळ्यावर तोडून लिहावा, फळा पुसून तो आठवणीने लिहवून घ्यावा व अर्थ मुलाच्या भाषेत विचारावा. मँगनीजचे तिसरे अक्षर 'एन', म्हणून संज्ञा 'एमएन'. मॅग्नेशियमचे तिसरे अक्षर 'जी', म्हणून 'एमजी'. एवढी खूण पटली की गोंधळ पुष्कळ ओसरतो. दोन-तीन दिवसांनी तेच शब्द पुन्हा विचारावेत.

मलाजखंडच्या तांब्याची संज्ञा 'सीयू' मात्र 'क्युप्रम' या लॅटिन नावावरून आली आहे. 'कॉपर' शब्दात 'यू' शोधण्यास मुलांना लावू नये.