मागून धडक बसली, आता पुढे काय?



दिवाळी जवळ आली की आपल्या गटांच्या गाड्या मुंबईकडे निघतात. कुणाची मुलुंडच्या सोसायटीत विक्री असते, कुणाचा बोरिवलीत स्टॉल असतो, कुणी घाटकोपरला भाजणी आणि पापड पोहोचवतं. ठाण्याकडून आत शिरलो की पूर्व द्रुतगती महामार्ग लागतो, पालघरकडून दहिसर ओलांडलं की पश्चिम द्रुतगती महामार्ग. दोन्हीकडे गाडीला गाडी चिकटलेली. पुढच्याने करकचून ब्रेक दाबला की मागचा येऊन आदळतो. अशा धडकेत चूक कुणाची हे कसं ठरतं आणि भरपाई कशी मागायची, हे आज आम्ही तुम्हाला सांगणार आहोत.

सगळ्यात आधी साधा नियम. मागून येणाऱ्या गाडीने पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर ठेवायचं असतं. पुरेसं म्हणजे किती? पुढची गाडी अचानक थांबली तरी आपली गाडी तिच्यावर आदळणार नाही इतकं. हा नियम १९८९ पासून लेखी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात त्याचाच आधार घेतला. त्या प्रकरणात ट्रकच्या मागे जेमतेम दहा-पंधरा फुटांवरून गाडी चालली होती. ट्रकने ब्रेक लावला आणि गाडी आदळली. न्यायालयाने निष्काळजीपणा मागच्या चालकाचा धरला. म्हणून लोक म्हणतात, मागून ठोकली की चूक मागच्याची. बहुतेक वेळा ते खरंही असतं.

पण दर वेळी नाही. पुढची गाडी रिव्हर्स येत असेल, तिचे मागचे दिवे बंद असतील, रात्री ती रस्त्यातच दिव्याशिवाय उभी असेल, किंवा हात-सिग्नल न देता भर रस्त्यात थांबली असेल, तर पुढच्याचाही दोष निघतो.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाच एक निकाल दिला. प्रकरण तमिळनाडूतल्या कोइम्बतूरचं, २०१७ सालातलं. एक विद्यार्थी मोटारसायकलवरून चालला होता. पुढच्या मोटारीने महामार्गावर अचानक ब्रेक लावला. तो मोटारीवर आदळून पडला, मागून आलेली बस त्याच्यावरून गेली आणि त्याचा पाय कापावा लागला. मोटारवाल्याचं म्हणणं असं, की गरोदर बायकोला मळमळायला लागलं म्हणून थांबलो. न्यायालयाने ते कारण मानलं नाही. महामार्गावर थांबायचं तर मागच्याला आधी इशारा द्यायलाच हवा. मग दोष वाटला गेला. मोटारवाल्याचा ५० टक्के, बसवाल्याचा ३० टक्के, आणि अंतर न ठेवल्याबद्दल व परवाना नसताना गाडी चालवल्याबद्दल त्या मुलाचा २० टक्के. भरपाई १ कोटी १४ लाख ठरली होती. त्यातून त्याच्या वाट्याचे २० टक्के वजा होऊन सुमारे ९१ लाख राहिले. यातून आपणही एक लक्षात ठेवू. गाडीत कुणाला उलटीसारखं झालं तर "आत्ताच्या आत्ता थांबव" म्हणून ओरडायचं नाही. चालकाला सिग्नल देऊन कडेला घ्यायला सांगायचं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे गाडी चालवतो? आम्ही मागे बसलेल्या. तर बायांनो, इथेच आपली बाजू भक्कम आहे. मागे बसलेल्या बाईची चूक नसते. दोन चालक एकमेकांकडे बोट दाखवत राहिले तरी तिचा हक्क बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलंय की दोन गाड्यांच्या चुकीने तिसऱ्याला दुखापत झाली, तर तो दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो. पुढे त्या दोघांनी आपापसांत काय वाटून घ्यायचं ते घेऊ दे.

आमच्याच गटाचं सांगतो. आम्ही सहाजणी विक्री आटोपून परत निघालो होतो. घाटकोपरच्या पुढे गाड्या तुंबल्या म्हणून आमची जीप थांबली आणि मागून एका मोटारीने धडक दिली. दोघे चालक उतरले, बंपर बघितले, दोन हजारांवर बोलणं मिटवायला निघाले. आत बसलेल्यांना लागलंय का, हे कुणी विचारलं नाही. आमच्यातल्या एकीची मान झटक्याने दुखावली होती. आम्ही म्हटलं, "दादा, तुमच्या बंपरचं तुम्ही बघा. आमच्या बाईचं अजून ठरायचंय." दोन्ही गाड्या तशाच उभ्या असताना फोटो काढले, नंबर प्लेट दिसेल असे. पोलिसांना ११२ वर फोन केला. तिला त्याच रात्री सरकारी दवाखान्यात दाखवलं आणि केस पेपरवर "मोटार अपघात" असं लिहून घेतलं. तेव्हा तिला फारसं दुखत नव्हतं. सकाळी उठली तर मान वळेना. दीड महिना गळ्यात पट्टा होता. शेवया-पापडाचा तिचा सगळा हंगाम गेला.

पुढे विमा कंपनीच्या माणसाने विचारलं, "बाई तर घरीच असतात ना? मग कमाई कसली बुडाली?" आम्ही गटाचं रजिस्टर समोर ठेवलं. कुठल्या महिन्यात तिने किती किलो पापड दिले, किती पैसे घेतले, किती बचत भरली, सगळं तिच्या सहीनिशी. बँकेचं पासबुक जोडलं. लोकअदालतीत तडजोड झाली तेव्हा औषधांच्या खर्चाबरोबर तिची बुडालेली कमाईही धरली गेली. ज्या वहीला आपण मासिक बैठकीत कंटाळतो, ती वही तिथे साक्षीला उभी राहिली.

आणि एखादीची विक्री नसेल, ती फक्त घर सांभाळत असेल, तरी तिच्या कामाला किंमत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की घर सांभाळणाऱ्या बाईचं काम कमावत्या माणसाच्या कामापेक्षा कमी नाही, आणि भरपाईचा हिशेब करताना तिचं उत्पन्न किमान वेतनाच्या खाली धरता येणार नाही. "घरीच तर असते" हे वाक्य कुणी ऐकवलं तर हे त्याला ऐकवा.

आता क्रमाने लक्षात ठेवा. आधी माणूस, मग गाडी. लागलं असेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात पहिले सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, पैसे न भरता उपचार मिळतात. दवाखान्यात हे आवर्जून विचारा. मग गाड्यांचे, काचांचे, रस्त्याचे फोटो, दोन्ही नंबर, दोन्ही चालकांची नावं आणि पाहणाऱ्या एखाद्याचा फोन नंबर. जवळच्या दुकानाचा कॅमेरा रस्त्याकडे असेल तर पोलिसांना दाखवून द्या. दुखापत असेल तर एफआयआर नोंदवा आणि तिची प्रत मागा, ती फुकट मिळते. "सगळं मिटलं" अशा कुठल्याही कागदावर त्याच दिवशी सही करू नका. मानेचं आणि कमरेचं दुखणं दुसऱ्या दिवशी वर येतं.

पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. त्याची चौकशी करत राहा. दावा लावायला मुंबईला खेटे घालावे लागतील, अशी भीती बऱ्याच जणींना असते. तसं नाही. अपघात घाटकोपरला झाला तरी तुम्ही जिथे राहता त्या भागाच्या न्यायाधिकरणात दावा लावता येतो. कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण आपण त्या भरवशावर बसायचं नाही. वकिलाच्या फीची चिंता असेल तर ऐका. बाईचं उत्पन्न कितीही असो, तिला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात चौकशी करा किंवा १५१०० वर फोन करा.

चूक सिद्ध न करताही एक वाट आहे. मृत्यू झाला तर पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. पण ही रक्कम एकदा स्वीकारली की मोठा दावा संपतो. म्हणून आधी वकिलाला विचारा. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात.

शेवटची गोष्ट गाडी ठरवतानाची. पैसे वाचवायला आपण मालाच्या पिकअपमध्ये दहाजणी बसतो. मालवाहू गाडीत नुसत्या प्रवासी म्हणून बसलेल्यांची भरपाई विमा कंपनी द्यायला बांधील नाही. मालाची मालकीण किंवा तिने नेमलेली व्यक्ती मालाबरोबर असेल तर गोष्ट वेगळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली तरी विमा कंपनीला हात वर करायला जागा मिळते. म्हणून पिवळ्या पाटीची गाडी घ्या आणि निघण्याआधी तिचा विमा चालू आहे का ते बघा. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की कळतं. गटातल्या मुलींना हे चटकन जमतं, त्यांच्यावरच ते काम सोपवा.

येत्या बैठकीत रजिस्टर उघडाल तेव्हा प्रत्येकीच्या नावापुढे तिने केलेलं काम, दिलेला माल आणि घेतलेले पैसे तारखेसह लिहिलेत ना, ते बघा. राहिलं असेल तर त्याच बैठकीत लिहून तिची सही घ्या. गाडीने जाण्याआधी कोण कोण निघालं, कुठल्या नंबरच्या गाडीने, तेही एका ओळीत नोंदवा. सांभाळून जा, माल विकून सुखरूप घरी या.