घड्याळाच्या मागचे झाकण



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस घड्याळांवर बोलणार, हे ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु घड्याळाशी कामगाराइतका जवळचा संबंध क्वचितच कोणाचा येत असेल. त्याची मजुरीच मुळी तासांवर मोजलेली असते. आम्ही शाळेत फार शिकलो नाही. जे शिकलो ते वाचनालयात, युनियनच्या कचेरीत, आणि थोडेफार जुन्या घड्याळांच्या पेटीपाशी. गेली पंचवीसएक वर्षे आम्ही घड्याळे जमवीत आहोत. एवढ्या काळात घड्याळे होती तशीच राहिली. बदलली ती आमची आवड. ती का बदलते, एवढाच आजचा विषय आहे.

संग्राहकाची सुरुवात बहुधा तबकडीपासून होते. आमच्या लहानपणी लग्नात जावयाला सायकल, रेडिओ आणि मनगटी घड्याळ देण्याची रीत होती. ते घड्याळ वेळ दाखवी त्याहून अधिक ऐपत दाखवी. सोनेरी रंग, परदेशी नाव, चकाकणारे काटे, यांवर आमचेही मन असेच बसले. पेटीतली संख्या वाढली की आपण श्रीमंत झालो असे वाटे. यात लाजण्यासारखे काही नाही. पहिली पायरी चढल्यावाचून दुसरी येत नाही.

दुसरी पायरी मागचे झाकण उघडल्यावर येते. चावी दिली की आतली कमान आवळते. ती उलगडताना दातेरी चाके फिरवते, आणि बॅलन्सचे चाक तिला एकदम मोकळी होऊ देत नाही, थोडी थोडी सोडते. पुष्कळ जुन्या घड्याळांत हे तासाला १८,००० ठोक्यांनी चालते. चाकांच्या आसांची टोके झिजू नयेत म्हणून ती कृत्रिम माणकांत बसवतात; तबकडीवरच्या ‘१७ ज्युवेल्स’ या अक्षरांचा अर्थ एवढाच. हे समजले की माणूस सोने विसरतो आणि अचूकपणाच्या मागे लागतो.

पण तेथेही फार दिवस थांबता येत नाही. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सेको कंपनीने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विक्रीस आणले. आजच्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. आठवडी बाजारातले स्वस्तातले घड्याळही चावीच्या महागड्या घड्याळाला अचूकपणात मागे टाकते. स्वित्झर्लंडात १९७० च्या सुमारास या धंद्यात सुमारे ९०,००० माणसे होती. पुढच्या पंधरावीस वर्षांत ती ३०,००० च्या आसपास आली. अचूकपणा हीच एक कसोटी असती, तर आम्हांला आमची पेटी भंगारात घालावी लागली असती. आम्ही ती घातली नाही. म्हणजे आवडीचे मूळ दुसरीकडे कोठेतरी होते.

ते आम्हांला सापडले एका साध्या प्रश्नात: हे घड्याळ कोणाची वेळ सांगत होते? १९०६ साली हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून ३९ मिनिटे मागे होती. मालकाने काटा पुढे सरकवला म्हणजे कामगाराने तेवढे आधी, अंधारात, गिरणीच्या दारात उभे राहायचे. त्या जानेवारीत मुंबईतल्या गिरणी कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम बंद केले. मुंबई नगरपालिकेने तर जुनी वेळ पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. हे वाचल्यापासून आम्ही घड्याळ हातात घेतले की आधी विचारतो, हे कोणाच्या मनगटावर होते?

सेवाग्राम आपल्याच जिल्ह्यात. गांधीजी १९३६ साली तेथे राहावयास आले. कमरेला अडकवलेले त्यांचे घड्याळ आपण चित्रांत पाहिलेलेच आहे. त्यांचे एक खिशातले घड्याळ, चष्मा, चपला आणि ताटवाटी यांचा २००९ साली न्यूयॉर्कमध्ये लिलाव झाला. बोली अठरा लाख डॉलर्सवर गेली. ही किंमत धातूची नव्हती, वापरणाऱ्याची होती. हा न्याय मान्य केला, तर रेल्वेच्या गँगमनने किंवा जिनिंगमधल्या मुकादमाने तीस वर्षे वापरलेल्या घड्याळालाही तो लागू पडतो. त्याला बोली लावणारा कोणी नसतो, एवढाच फरक.

आता आमच्या मनाला लागलेली गोष्ट सांगतो. १९६१ साली बंगळूरला एच. एम. टी. ने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळांचा कारखाना काढला. ‘जनता’, ‘पायलट’, ‘कांचन’ ही नावे आपल्या घराघरांत आहेत. शिक्षकाच्या, पोस्टमनच्या, कंडक्टरच्या मनगटावर हीच घड्याळे होती. ती घडत होती तेव्हा संग्राहक तिकडे ढुंकून पाहत नव्हते. त्यांना परदेशी नाव हवे होते. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली, आणि तेव्हापासून शौकिनांची धावपळ सुरू झाली. कारखाना मेल्यावर त्याच्या मालावर प्रेम जडले! ज्यांनी ही घड्याळे घडवली, त्या कामगारांना या चढलेल्या किमतीतून एक पैसाही मिळाला नाही. आवड उशिरा येते हे खरे, पण कधी कधी ती इतकी उशिरा येते की तिचा कोणालाच उपयोग होत नाही.

या चढत्या मागणीबरोबर आणखी एक धंदा वाढला. जुन्या घड्याळांच्या तबकड्या भडक रंगांत नव्याने रंगवून ती विकली जातात. नवा शौकीन त्यांवर भुलतो. मुरलेला संग्राहक पिवळी पडलेली मूळ तबकडीच पसंत करतो. जुन्याच्या नावाने नवे विकणे ही फसवणूकच आहे. तरी रंगवणाऱ्या कारागिराला तुच्छ लेखणे आम्हांला जमत नाही. त्याच्या हातात कसब आहे. ते प्रामाणिक कामाला लावील असा मालक त्याला मिळत नाही.

आज आमच्या पेटीत पूर्वीपेक्षा घड्याळे कमी आहेत. सोन्याच्या मुलाम्याची देऊन टाकली. ओरखडे असलेली ठेवली, आणि ते पुसून काढीत नाही. झाकणाच्या आत दुरुस्ती करणाऱ्याने टोकदार सुईने कोरलेली बारीक खूण दिसली की आम्ही त्या घड्याळाला जपतो. ती खूण म्हणजे एका माणसाने दुसऱ्याची वेळ बिघडू दिली नाही याची पावती.

बंधुभगिनींनो, कापसाच्या आणि संत्र्यांच्या या मुलखात कोणी लिलावाला जाणार नाही. पण घरोघरी कपाटात वडिलांचे बंद पडलेले घड्याळ असेल. ते उद्या बाहेर काढा. गावोगावी डोळ्याला भिंग लावून बसणारे घड्याळजी कमी होत चालले आहेत. त्यांच्या मुलांनी मोबाइल दुरुस्तीची दुकाने टाकली. जो उरला असेल त्याच्याकडे ते न्या, त्याचे दाम घासाघीस न करता द्या, आणि तो काम करीत असताना जरा वेळ शेजारी बसा. कारखान्याच्या बाबतीत आपल्याला उशीर झाला. या माणसाच्या बाबतीत अजून झालेला नाही.