पोखरलेला प्रत्येक मणका क्षयाचा नसतो



बायजाबाई शिंद्यांनी गोपाळ मंदिर उभारलेल्या या उज्जैनमध्ये मराठी डॉक्टरांच्या संमेलनाचे अध्यक्षपद मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आज कबुतरांच्या विष्ठेवर पोसणाऱ्या एका बुरशीविषयी बोलणार आहे.

2025 च्या पावसाळ्यात मुंबईत दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि कबुतरांवरून शहरात दोन तट पडले. त्या गदारोळात फुप्फुसांची चर्चा भरपूर झाली, हाडांची फारशी नाही. वास्तविक क्रिप्टोकॉकस या बुरशीशी वैद्यकाची पहिली गाठ पडली तीच हाडात. 1894 मध्ये जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड इथे ऑटो बुसे यांना ती 31 वर्षांच्या एका बाईच्या नडगीच्या हाडात सापडली. कबुतरांच्या विष्ठेशी तिचे नाते चेस्टर एमन्स यांनी अमेरिकेत दाखवून दिले, ते 1955 मध्ये.

कबुतर स्वतः सहसा आजारी पडत नाही. त्याच्या अंगातली उष्णता या बुरशीला मानवत नाही. ती पोसते त्याच्या विष्ठेतल्या नत्रयुक्त द्रव्यांवर. विष्ठा वाळते, झाडताना धूळ उडते आणि श्वासावाटे आत जाते. धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही. एचआयव्ही असलेला, मूत्रपिंडरोपण झालेला किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारा रुग्ण मात्र तिच्या तावडीत सापडतो. त्याच्यात बुरशी रक्तातून मेंदूपर्यंत जाते आणि काहींच्या हाडांत, विशेषतः मणक्यांत, ठाण मांडते. 2000 मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडरोपण झालेल्या एका बाईंच्या शरीरातली बुरशी आणि त्यांच्या पाळलेल्या काकाकुव्याच्या विष्ठेतली बुरशी जनुकीय तपासणीत एकच निघाली.

आपल्याकडे मणका पोखरलेला दिसला की क्षयाची औषधे सुरू होतात. बहुतेकदा ते बरोबरच ठरते. क्षय आपल्याकडे आहेच तेवढा. घोटाळा होतो तो उरलेल्या रुग्णांत. एक्स-रेवर दोन्ही आजार सारखेच दिसू शकतात. क्षयाच्या गोळ्या या बुरशीला शिवतही नाहीत. उलट रिफॅम्पिसिनमुळे फ्लुकोनॅझोलची रक्तातली पातळी घसरते, म्हणजे नंतर योग्य औषध दिले तरी ते कमी पडू शकते. सूक्ष्मदर्शक मात्र दोन्हींची गल्लत करत नाही. गळवातल्या पुवात इंडिया इंकचा थेंब मिसळून काच पाहा. काळ्या पार्श्वभूमीवर गोल पेशी आणि प्रत्येकीभोवती जाड कवचाचे उजळ वलय दिसते. ते दिसले नाही तरी कल्चर आणि अँटिजेनची तपासणी हाताशी आहेच.

कबुतरांना दाणे टाकणाऱ्यांच्या श्रद्धेशी माझे भांडण नाही. पण 2028 च्या सिंहस्थासाठी घाट, धर्मशाळा आणि माळवदे साफ होतील, तेव्हा वाळलेल्या विष्ठेवर कोरडा झाडू फिरवू नका. आधी पाणी मारा आणि सफाई करणाऱ्यांना चांगले मास्क द्या. नगरपालिकांना हे सांगण्याचे काम आपलेच आहे.

आणि आपल्यासाठी एकच आग्रह: हाडाचा नमुना घ्याल तेव्हा त्याचे भाग करा, एक क्षयाच्या तपासणीला पाठवा, एक बुरशीच्या. चिठ्ठीवर 'बुरशी' हा शब्द लिहिला नाही, तर प्रयोगशाळा ती शोधणार नाही. एवढा नेम आपण इथून घेऊन गेलो, तरी या संमेलनाचे सार्थक झाले असे मी मानेन.