सँडहर्स्ट गेला, चाळ राहिली



माझ्या आधीच्या वक्त्यांनी रस्त्यांच्या आणि शहरांच्या नामांतरावर बरेच सांगितले. मी फक्त एका स्टेशनाबद्दल बोलणार आहे. सँडहर्स्ट रोडचे नाव डोंगरी करावे असा ठराव जुलै 2024 मध्ये विधिमंडळात मंजूर झाला. मला तो मान्य आहे. डोंगरी हे लोकांनी ठेवलेले नाव. टॅक्सीवाल्याला कोणी सँडहर्स्ट सांगत नाही.

पण हा सँडहर्स्ट कोण? 1895 ते 1900 या काळातला मुंबईचा गव्हर्नर. ग्रँट, फॉकलंड, एल्फिन्स्टन, रे हेही गव्हर्नरच. त्यांची नावे रस्त्यांना आणि स्टेशनांना चिकटली, एवढेच. सँडहर्स्टच्या काळात मात्र माणसेच हलवली गेली.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मग साथरोग कायदा आला, घरझडत्या आल्या. आजारी बायकांना परके पुरुष उचलून नेतात, याचा संताप मुसलमान मोहल्ल्यांत होता, हिंदू आळ्यांतही होता. मार्च 1898 मध्ये मोमीन विणकरांच्या वस्तीत दंगल पेटली. लोक अडाणी होते म्हणून औषधाला भ्याले, असे आजही लिहिले जाते. मला ते पटत नाही. घरात घुसण्याआधी त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते.

त्याच वर्षी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पश्चिमेकडची समुद्राची हवा दाट वस्तीत खेळावी म्हणून रुंद रस्ते काढायचे ठरले. सँडहर्स्ट रोड त्यातलाच. हेतू वाईट नव्हता, हेही म्हटले पाहिजे. पण पाडकाम आधी झाले, चाळी मागून आणि अपुऱ्या बांधल्या गेल्या. उठवलेले लोक कामापासून लांब जाऊ शकत नव्हते, म्हणून शेजारच्या गल्लीतच दाटीने शिरले. एका गल्लीतली गर्दी दुसरीत गेली!

याच ट्रस्टने दादर-माटुंग्याला नवी वसाहत आखली. तिथे हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी उभ्या राहिल्या. जागा कोणत्या जमातीची, हे नावातच आले. आज घर बघायला गेल्यावर दलाल आधी आपले आडनाव विचारतो. त्याचे सगळे खापर ट्रस्टवर फोडणे अन्यायाचे होईल, पण ही सवय कालची नाही, एवढे नक्की.

ट्रस्टच्या चाळी अजून आहेत. इमामवाड्यात आहेत, नागपाड्यात आहेत. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कितीतरी वर्षे राहिले. या चाळींचा पुनर्विकास होणार, नवे टॉवर येणार. तिथे कोण पात्र ठरेल आणि कोणाला बाहेर जावे लागेल, याची चर्चा नामांतराच्या निम्म्यानेही होत नाही.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी ट्रस्टच्या काळातल्या भाडेपावत्या असतील, तर कार्यक्रम संपल्यावर मला भेटा. पात्रता ठरवताना आधी कागदच मागतात.