कुलूप, किल्ली आणि क्वांटम संगणक

(राष्ट्रीय विज्ञान दिनी विद्यार्थी व पालकांसमोर केलेले भाषण)



विज्ञान हा माझा विषय नव्हे. मी भाषेची शिक्षिका. तरीही आज या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे, त्यास दहावीतील एका मुलीचा प्रश्न कारण झाला. "बाई, बाबांनी माझ्या शिक्षणाच्या पैशांतून बिटकॉइन घेतले आहेत. क्वांटम संगणक आला की ते चोरीला जातील का?" त्या क्षणी मला उत्तर देता आले नाही. पुढे आपल्या विज्ञान-शिक्षकांकडून जे समजून घेतले, ते तिच्या व तिच्या वडिलांच्या अनुमतीने येथे मांडते.

3233 ही संख्या कोणत्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे, हे शोधण्यास वेळ लागतो. परंतु 53 गुणिले 61 हे उत्तर पडताळण्यास क्षण पुरतो. एका दिशेने सुगम आणि उलट दिशेने दुर्गम अशा गणितांवरच आजची संगणकीय कुलपे उभी आहेत. बिटकॉइनचे गणित निराळे, एका विशिष्ट वक्ररेषेवरील बिंदूंचे आहे. तत्त्व मात्र तेच. मालकाच्या गुप्त किल्लीवरून सार्वजनिक किल्ली सहज काढता येते, उलट जाणे आजच्या संगणकांना अशक्यप्राय आहे.

1994 मध्ये पीटर शोर यांनी दाखवून दिले, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक ही उलट वाट चालू शकेल. दोनच वर्षांनी लव ग्रोव्हर यांनी शोधाची एक जलद रीत मांडली: दहा लाख कप्प्यांतील एक वस्तू हजारेक फेऱ्यांत सापडावी, अशी. हे ग्रोव्हर येथून जवळच असलेल्या हौज खासच्या आयआयटीचे विद्यार्थी, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. त्यांच्या रीतीने बिटकॉइनला फारसा धोका नाही. खरा धोका शोर यांच्या रीतीचा.

मग यंत्र कोठवर आले? डिसेंबर 2024 मध्ये गुगलने जाहीर केलेल्या 'विलो' चिपमध्ये 105 क्युबिट आहेत. त्याच वर्षी मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि डीआरडीओची पुण्यातील प्रयोगशाळा यांनी 6 क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. आकडा लहान आहे, म्हणून हसू नये. बँकांत प्रचलित असलेले 2048 बिटांचे आरएसए कुलूप फोडण्यास दोन कोटी क्युबिट लागतील, असा 2019 चा अंदाज होता. 2025 मध्ये तो दहा लाखांच्या आत आला. यंत्र वाढत आहे आणि गरज घटत आहे.

नवी कुलपेही तयार आहेत. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये तशी तीन मानके प्रसिद्ध केली. बँक आपल्या मुख्यालयातून कुलूप बदलू शकते. बिटकॉइनला मुख्यालयच नाही. जगभरच्या वापरकर्त्यांची सहमती हवी, आणि नंतर प्रत्येकाने आपले धन स्वतः नव्या कुलपात हलवावयाचे. ज्यांचे मालक निवर्तले किंवा किल्ली हरवून बसले, त्यांचे काय? आरंभीच्या, 2009-10 मधील अनेक नाण्यांच्या सार्वजनिक किल्ल्या खातेवहीत उघड्याच आहेत. ती गोठवावीत, की पहिल्या चोरासाठी सोडावीत? यावर तज्ज्ञांत तीव्र मतभेद आहेत, आणि मला तो गणितापेक्षा नीतीचा प्रश्न वाटतो.

तेव्हा बाळ, तुझे पैसे उद्या क्वांटम संगणक नेणार नाही. भाव कोसळण्यास मात्र कोणत्याही नव्या यंत्राची गरज नसते. बँकेतील ठेवीस पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, यास नाही. सरकार 2022 पासून अशा नफ्यावर 30 टक्के कर घेते, म्हणून सरकार हमी देते असे कोणी समजू नये.

सरोजिनी नगरच्या बाजारात साधे कुलूप घेतानाही आपण विचारतो, किल्ल्या किती आणि कोणाकडे? तोच प्रश्न मी तिच्या वडिलांना केला. त्यांनी चौकशी केली, तेव्हा गुप्त किल्ली आपल्याजवळ नसून ज्या कंपनीमार्फत खरेदी केली तिच्याकडेच आहे, हे त्यांना प्रथमच कळले.