विहिरीवरची मोटार : भरून घ्यावी की नवी आणावी?

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी पाककृती सांगते, कोणी भजनाविषयी बोलते. मला मात्र मोटारीविषयी बोलावयास सांगितले, तेव्हा काहीजणी हसल्या. पण विहिरीवरची मोटार बंद पडली म्हणजे पहिली घागर कोणाची रिकामी राहते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. मग मोटारीचा निर्णय होताना आपण चुलीपाशीच का बसावे?

गोष्ट 2023 सालच्या आषाढातली. त्या वर्षी पाऊस लांबला होता. ऊस पिवळा पडू लागला होता आणि माउलींची पालखी वेळापूर मुक्कामी येण्यास चार दिवस उरले होते. आमच्या अंगणात दरवर्षी एक दिंडी उतरते. शंभरेक माणसांचे पिणे, स्वयंपाक, आंघोळी, सगळे त्या एका विहिरीवर. नेमकी त्याच रात्री आमची 5 अश्वशक्तीची पाणबुडी मोटार नुसती घुमली आणि गप्प झाली. सकाळी कप्पीने वर काढली, तर जळका वास.

घरात दोन तट पडले. हे म्हणाले, "भरून घेऊ, भागेल." भावजी म्हणाले, "तिसऱ्यांदा जळली. आता उधारीने साडेसातची नवीच आणू." दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. मी एवढेच विचारले, "पण ती जळते कशाने?" त्यावर कोणी बोलेना. दूध दोनदा नासले तर गवळी बदलण्याआधी आपण पातेले हुंगून पाहतो. इथे पातेले कोणी पाहिलेच नव्हते.

मिस्त्रींना बोलावून स्टार्टरची पेटी उघडावयास लावली. आतला रिले बाजूला ठेवून तारा थेट जोडलेल्या होत्या. मिस्त्रींनी समजावले ते असे. मोटारीला वीज तीन फेजवर येते. त्यांतली एक गेली तर मोटार घुमते, उरलेल्या दोन तारांतून जास्त करंट ओढते आणि आतले गुंडाळे तापते. पाणबुडी मोटारीच्या तारेवर प्लॅस्टिकचे आवरण असते, ते वितळले की मोटार जळाली. असे होण्याआधी वीज तोडणे हेच रिलेचे काम. आणि ते काम आम्हीच बंद केले होते. रात्रीची वीज आली की मोटार आपोआप सुरू व्हावी, कोणाला उठावे लागू नये, एवढ्यासाठी. दोष मोटारीचा नव्हता, आमच्या झोपेचा होता.

मग हिशेब मांडला. त्याला सातवीपुरते गणित पुरते. भरण्याचे 8,000 रुपये, स्टार्टरमध्ये रिले आणि फेज गेल्यास वीज तोडणारे उपकरण बसविण्याचे 2,500, मिळून 10,500. नव्या 5 च्या मोटारीचे 27,000. साडेसातची त्याहून महाग. आणि नवी आणली तरी स्टार्टरचा खर्च चुकत नव्हताच, नाहीतर तीही जळाली असती. मोटारीचा दांडा, बुश, पत्र्यांचा गाभा ठीक होता. आम्ही भरून घेतली. दोन दिवस लागले, तोवर शेजारच्या काकूंनी त्यांच्या विहिरीचे पाणी दिले. दिंडी आली तेव्हा हौद काठोकाठ भरला होता. ती मोटार आजही चालू आहे.

पण ऐकून सगळ्यांनी भरूनच घ्यावी, असे मी म्हणत नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या मोटारीचा दांडाच झिजला होता. तिने तीन वेळा भरली, आणि तेवढ्या पैशात नवी आली असती. कोकणात होडीच्या मागे यंत्र लावतात, तिथेही हाच प्रश्न पडतो. खाऱ्या पाण्याने यंत्र आतून खाल्ले असेल, तर वरचे सुटे भाग कितीही बदलले तरी पैसा समुद्रातच जातो.

म्हणून मी माझ्यापुरते काही नियम केले आहेत. पहिला, बिघाडाचे कारण कळल्याशिवाय पैसा काढू नये. दुसरा, दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून वर गेला आणि यंत्रही जुने असले, तर नवे घ्यावे. तिसरा, भरून आणल्यावर हौद भरावयास किती वेळ लागतो तो मोजावा. 2024 साली सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांसाठी मोफत विजेची योजना आणली. तेव्हा मोटार वीज जास्त खाते की कमी, हे बिलावर न कळले तरी हौदावर कळते. वीज मोजके तास मिळते, मंदावलेली मोटार तेवढ्या वेळात कमी सऱ्या भिजवते. चौथा, विहिरीच्या पाण्याहून मोठी मोटार घेऊ नये. विहीर लवकर उपसते आणि मोटार कोरडी चालून जळते. पाचवा, काढलेली जुनी तांब्याची तार आपली असते. ती मागून घ्यावी, नाहीतर तिची किंमत बिलातून वजा करावी. आणि हमी तोंडी नको, कागदावर हवी.

शेवटी एकच सांगते. त्या दिवशी घरात मोटारीची माहिती सर्वांत कमी मलाच होती. म्हणूनच कदाचित "कशाने?" हा साधा प्रश्न मला सुचला. भगिनींनो, घरात मोठा खर्च निघाला की हा प्रश्न विचारण्यास संकोच करू नका. विचारण्याला पैसा पडत नाही, न विचारल्याचा मात्र पडतो.